बीटी फवारली तरी अळी तशीच? दोष कुठे आहे ते असं शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची फवारणी केली, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अळ्या पानावर जिवंत. तिसऱ्या दिवशी धीर सुटतो, रासायनिक कीटकनाशक मारलं जातं, आणि पुढच्या हंगामात बीटीचं नाव काढलं की "ती नुसती पावडर आहे" एवढंच ऐकू येतं. मग कधीतरी पुन्हा वापरून पाहिली जाते आणि पुन्हा तेच होतं.

पावडर सहसा चांगली असते. चूक होते ती पंपापासून अळीच्या पोटापर्यंतच्या वाटेत. ही वाट टप्प्याटप्प्याने तपासली तर दोष सापडतो. पुढे जो क्रम दिलाय तो मुद्दाम तसा ठेवलाय: ज्या चुका जास्त वेळा होतात आणि तपासायला सोप्या आहेत, त्या आधी.

बीटी खरंच फसली का, हे आधी ठरवा

बीटी अंगावर पडून मारत नाही. ती खाल्लीच पाहिजे. हा जिवाणू बीजाणू तयार करताना सोबत प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. अळीने पानाबरोबर तो स्फटिक गिळला की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात तो विरघळतो, तिथले पाचक रस त्याचे तुकडे करतात आणि त्यातून खरं विष मोकळं होतं. हे विष आतड्याच्या पेशींवर ठराविक जागी चिकटून तिथे छिद्रं पाडतं. आतडं लुळं पडतं आणि अळी काही तासांतच खाणं थांबवते. मरायला मात्र दोन ते पाच दिवस लागतात, हवा थंड असेल तर आणखी जास्त.

म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या मोजण्यात अर्थ नाही. त्या दिवशी पाहायचं ते हे: ताजी लेंडी पडते आहे का, आणि पानावर ताजं कुरतडलेलं दिसतंय का. जुन्या भोकांची कडा सुकून तपकिरी झालेली असते, नव्या भोकाची कडा हिरवी आणि ओलसर असते. पानाच्या बेचक्यातली लेंडी कोरडी, टणक झाली असेल आणि वर नवी ओली लेंडी नसेल, तर अळी जिवंत दिसली तरी नुकसान थांबलंय. बीटी लागलेली अळी सुस्त होते, टोचलं तर नेहमीसारखी वळवळत नाही, अंग आक्रसतं, रंग तपकिरी-काळसर होत जातो आणि ती मऊ पडून सुकते. शेंड्याला उलटी लटकून फुटलेली, आतून पातळ पाणी गळणारी अळी दिसली तर तो बहुधा विषाणूजन्य रोग आहे. ती चांगली बातमी आहे, पण त्याचं श्रेय बीटीला देऊ नका, नाहीतर पुढचा हिशेब चुकेल.

अंदाजाने ठरवू नका. शेतात वेगवेगळ्या ठिकाणची वीस झाडं रंगीत पट्टी बांधून ठेवा. फवारणीच्या आधी, तिसऱ्या दिवशी आणि पाचव्या दिवशी त्याच झाडांवरच्या अळ्या मोजा. लहान अळ्या वेगळ्या, मोठ्या वेगळ्या. पाचव्या दिवशी लहान अळ्या जवळपास गेलेल्या आणि मोठ्या तशाच असतील तर बीटी चालली आहे, फवारणी उशिरा झाली आहे. पण फवारणीच्या दिवशी एकही नव्हती आणि पाचव्या दिवशी इवल्याशा अळ्या दिसतात, तर त्या नंतर अंड्यातून निघालेल्या आहेत. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून ही मोजणी टाळून पुढे जाऊ नका.

ही कीड बीटीच्या आवाक्यातली आहे का

मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे, कोळी यांच्यावर बीटी चालत नाही. ते झाडाचा रस किंवा पेशीतला द्रव ओढतात, पानावर पसरलेले स्फटिक त्यांच्या पोटात जातच नाहीत. नागअळी पानाच्या आत असते आणि ती माशीची अळी आहे, तिच्यावरही कुर्स्टाकीचा, म्हणजे बीटीच्या नेहमीच्या उपजातीचा, उपयोग नाही.

जास्त फसवणूक होते ती हुबेहूब अळीसारख्या दिसणाऱ्या किडींची. मोहरीवर्गीय पिकांवरची काळसर सॉफ्लायची अळी हे नेहमीचं उदाहरण. ती पतंगाची अळी नाही, मधमाशी-गांधीलमाशीच्या गटातली आहे. ओळखायला भिंग घ्या आणि अळी उलटी करून पोटाखालचे मांसल पाय मोजा. डोक्यामागचे तीन जोड टोकदार पाय सोडून द्या. उरलेले मांसल पाय पाच जोड किंवा कमी असतील तर ती पतंगवर्गीय अळी, बीटीच्या कामाची. उंटअळीला हे जोड कमी असतात, म्हणून ती कमान करून चालते. सहा किंवा जास्त जोड दिसले की ती सॉफ्लाय, आणि मांसल पाय मुळीच नसतील तर बहुधा भुंगेऱ्याची अळी. या दोन्हींवर कुर्स्टाकी फवारणं म्हणजे पाणी फवारणं.

आता पाकिटावरची उपजात वाचा. नुसतं "बीटी" वाचून थांबू नका. कुर्स्टाकी आणि ऐझावाई पतंगवर्गीय अळ्यांसाठी, टेनेब्रिओनिस कोलोरॅडो बटाटा भुंगेऱ्यासारख्या पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी, इस्राएलेन्सिस डासांच्या आणि कुंड्यांतल्या बुरशीमाशीच्या अळ्यांसाठी. पतंगवर्गीय अळ्यांमध्येही फरक आहे. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी आणि उंटअळी कुर्स्टाकीला सहज बळी पडतात. तंबाखूवरची पानं खाणारी अळी आणि लष्करी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा गट, मात्र चिवट आहे. ऐझावाईत क्राय-१सी हे प्रथिन असतं, जे कुर्स्टाकीच्या एचडी-१ या नेहमीच्या वाणात नसतं, आणि स्पोडोप्टेरावर तेच जास्त चालतं. लष्करी अळीवर कुर्स्टाकी मारून निराश झालेल्यांनी आधी उपजात बदलून पाहावी, मात्रा दुप्पट करण्यात पैसा वाया जातो.

अळीचं वय

बीटी पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या अळीसाठी आहे. लांबीने सांगायचं तर बहुतेक किडींमध्ये पाच-सहा मिलिमीटरपर्यंत. मोठ्या अळीला मरायला कितीतरी पट जास्त विष लागतं. ती थोडं खाते, आजारी पडते, दोन दिवस उपाशी राहते आणि पुन्हा सावरते.

फवारणीची वेळ अळीवरून ठरवू नका, अंड्यावरून ठरवा. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, पतंग वाढले की पानांची खालची बाजू पाहायला लागा. तंबाखूवरच्या अळीचे अंडीपुंज पिंगट केसांनी झाकलेले असतात आणि उबदार हवेत तीन ते पाच दिवसांत फुटतात. निघालेल्या अळ्या सुरुवातीला घोळक्याने एकाच पानावर राहतात आणि फक्त हिरवा गर खातात, त्यामुळे पान जाळीदार दिसतं. शेतात पहिलं जाळीदार पान दिसलं, तो दिवस फवारणीचा. ते पान अळ्यांसकट तोडून नष्ट करा, म्हणजे अर्धं काम तिथेच झालं. घाटेअळीची अंडी सुटी, एकेक, शेंड्याजवळ आणि कळ्यांवर असतात. तिथे जाळीदार पानाची वाट पाहू नका, अंडी पिवळसर पांढरी असताना लक्ष ठेवा आणि ती गडद झाली की फवारा.

फळात, शेंगेत किंवा खोडात शिरलेल्या अळीला बीटी पोचत नाही. मक्याच्या पोंग्यात लेंडीचा थर साचला असेल आणि अळी त्याखाली बसली असेल, तर वरून मारलेलं धुकं पोंग्याच्या तोंडाशीच राहतं. तिथे नोझल पोंग्यात रोखून द्रावण आत उतरेल असं सोडावं लागतं, तेही अळी लहान असतानाच.

टाकीतलं पाणी

हा दोष सगळ्यात कमी तपासला जातो. अळीच्या आतड्यातला सामू (पीएच) ९ ते ११ च्या दरम्यान असतो आणि स्फटिक विरघळायला नेमकं तसंच वातावरण लागतं. पाणी अल्कधर्मी असेल तर हे काम टाकीतच सुरू होतं आणि मोकळं झालेलं प्रथिन उघड्यावर पडून नासतं. सामू ८ च्या वर गेला की धोका आहे. ६ ते ७ उत्तम. विहिरीचं आणि बोअरचं पाणी जड असेल तर ८ सहज ओलांडतं.

सामूच्या पट्ट्या घ्या आणि फवारणीच्याच दिवशी, त्याच पाण्याची परीक्षा करा. जास्त निघाला तर दहा लिटरच्या बादलीत सायट्रिक आम्ल चिमूट-चिमूट घालून ढवळा, दरवेळी पट्टी पाहा, आणि किती ग्रॅम लागलं ते लिहून ठेवा. तोच हिशेब टाकीला लावा. ठराविक ग्रॅमचा आकडा कुणाकडून उसना घेऊ नका, पाण्यातले क्षार वेगळे की प्रमाणही वेगळं. आणि क्रम महत्त्वाचा: आधी पाण्याचा सामू उतरवायचा, मग बीटी. उलटं केलं तर तेवढा वेळ ती अल्कधर्मी पाण्यात बसते.

मिसळताना पावडर थेट टाकीत ओतली की गुठळ्या होतात, अर्धी गाळणीत अडकते आणि बाकीची तळाशी बसते. तांब्याभर पाण्यात आधी पातळ खीर करा, गाळून निम्म्या भरलेल्या टाकीत घाला, मग टाकी भरा. फवारताना टाकी हलवत राहा, कारण स्फटिक विरघळलेले नसतात, ते पाण्यात तरंगत असतात आणि थांबलात की खाली बसतात. पंपाचा पहिला भाग दाट आणि शेवटचा पातळ जाण्याचं कारण हेच. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा, रात्रभर ठेवलेलं दुसऱ्या दिवशी मारू नका.

मात्रा लेबलवर असेल तीच. बऱ्याच पावडरींसाठी ती हेक्टरी अर्धा ते एक किलोच्या आसपास असते. इथे एक हिशेब लोक चुकवतात. लिटरला दीड ग्रॅम घेतलं आणि एकरी २०० लिटर पाणी गेलं तर एकरी ३०० ग्रॅम पडले. घाईघाईने चालून तेच शिवार १२० लिटरमध्ये उरकलं, तर पडले १८० ग्रॅम, म्हणजे ४० टक्के कमी. लिटरमागचं प्रमाण बरोबर, तरी शेतातली मात्रा चूक. आधी साध्या पाण्याने फवारून एकरी किती लिटर लागतं ते मोजा आणि एकराची मात्रा त्या पाण्यात बसवा.

टाकीतले सोबती

बोर्डो मिश्रण, चुनखडी-गंधक आणि सामू वाढवणारं कुठलंही मिश्रण बीटीबरोबर नको. कडूनिंबाचा अर्क किंवा अळीला खाण्यापासून परावृत्त करणारं काहीही त्याच टाकीत घालण्याबाबत आमचं मत स्पष्ट आहे: घालू नका. बीटीला अळी भूक लागलेली हवी. पान कडू करून ठेवलं तर विष पानावर आणि अळी उपाशी, असं होतं. वेगवेगळ्या दिवशी वापरा.

ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. बीटीचं बरंचसं काम स्फटिक करतो आणि बीजाणू चिवट असतो, त्यामुळे ती थोडं सहन करते. पण स्युडोमोनास फ्लुरोसेन्स हा रोगांवर वापरला जाणारा जिवाणू बीजाणू बनवत नाही. तो जिवंत राहिला तरच काम करतो, म्हणून तांबं, प्रतिजैविक, क्लोरिनचं पाणी, उन्हात ठेवलेलं पाकीट, यांतल्या कशानेही मरतो. बॅसिलस सबटिलिसचा बीजाणू साठवणीत टिकतो, मात्र तो झाडावर वाढून बुरशीला रोखतो, त्याच्याकडून अळी मरण्याची अपेक्षा करू नका. "जिवाणू औषध" म्हणून तिघांना एकच नियम लावला की कुठेतरी फसगत ठरलेलीच.

पान, ऊन, पाऊस

बीटी पानात शिरत नाही आणि झाडात फिरत नाही. थेंब जिथे पडला तिथेच ती असते. अळी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला खाते, म्हणून नोझल खालून वर वळलं पाहिजे. हॉलो कोन नोझल, बारीक थेंब, पानावरून ओघळण्याच्या आधी थांबणं. पोचलं का ते पाहायला पाणी-संवेदी पिवळे कागद मिळतात, थेंब पडला की ते निळे होतात. झाडाच्या आतल्या पानांच्या खालच्या बाजूला चार-पाच कागद टाचून नेहमीच्या पद्धतीने फवारा आणि काढून बघा. बहुतेकांना इथेच उत्तर मिळतं: वरचे कागद निळेशार आणि खालचे जवळजवळ कोरे.

कोबी, कांदा यांच्या मेणचट पानांवर थेंब गोळा होऊन घसरतो. तिथे विद्युतभार नसलेला, म्हणजे नॉन-आयॉनिक स्प्रेडर-स्टिकर (थेंब पसरवून चिकटवणारं द्रव्य) लेबलप्रमाणे घाला. साबण वापरू नका, तो सामू वर नेतो.

ऊन हा बीटीचा सगळ्यात मोठा शत्रू. अतिनील किरणांनी प्रथिन आणि बीजाणू दोन्ही बिघडतात आणि उघड्या पानावर दोन-चार दिवसांत प्रभाव बराच उतरतो. सकाळी नऊला मारलेली बीटी दिवसभराचं ऊन खाते, आणि रात्री खायला बाहेर पडणाऱ्या अळीपर्यंत उरलेला माल पोचतो. ऊन कलल्यावर मारा. पहिली रात्र पूर्ण मिळते आणि घाटेअळी, स्पोडोप्टेरा तेव्हाच जोरात खातात. फवारा वाळण्याआधी पाऊस आला तर ती फवारणी झालीच नाही असं धरा. तुषार सिंचन दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बंद.

नव्या पालवीवर बीटी नसते आणि अंडी सगळी एका दिवशी फुटत नाहीत. म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी फवारणी योजनेतच धरा. ती आधीची फसली म्हणून नाही, फुटत राहणाऱ्या अंड्यांसाठी. कडाक्याच्या थंडीत अळी खातच नसेल तर दोन उबदार दिवसांची वाट पाहा.

तीन डब्यांची चाचणी

इथपर्यंत सगळं ठीक वाटतंय तरी निकाल नाही, तर पाकिटावर संशय घेण्याआधी ही चाचणी करा. झाकणाचे तीन छोटे प्लास्टिकचे डबे, झाकणाला टाचणीने भोकं, तळाला टिपकागद. त्याच शेतातल्या पाच मिलिमीटरच्या आसपासच्या तीस अळ्या गोळा करा, आणि न फवारलेल्या झाडाची कोवळी पानं.

पहिल्या डब्यातली पानं साध्या पाण्यात बुडवलेली. दुसऱ्यातली, पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात लेबलच्या प्रमाणात केलेल्या ताज्या द्रावणात. तिसऱ्यातली, तुमच्या नेहमीच्या फवारणीच्या पाण्यात केलेल्या आणि टाकीत जितका वेळ राहतं तितकाच वेळ ठेवलेल्या द्रावणात. प्रत्येक पान दहा सेकंद बुडवा, सावलीत पूर्ण सुकवा, डब्यात ठेवा आणि दहा-दहा अळ्या सोडा. डबे सावलीत. घाटेअळी असेल तर प्रत्येक अळी वेगळ्या छोट्या डबीत ठेवावी लागते, कारण त्या एकमेकींना खातात आणि आकडे खोटे येतात.

चोवीस तासांनी टिपकागद पाहा. पहिल्या डब्यात लेंड्यांचा सडा आणि पानाला मोठी भोकं दिसली पाहिजेत. बीटी चालत असेल तर दुसऱ्यात टाचणीच्या टोकाएवढी थोडीशी कुरतड आणि मोजक्या लेंड्या. बहात्तर तासांनी मेलेल्या मोजा. साध्या पाण्याच्या डब्यात दोनहून जास्त मेल्या तर चाचणी रद्द, अळ्या आधीच आजारी होत्या किंवा हाताळताना दुखावल्या.

दुसऱ्यात मरतात आणि तिसऱ्यात नाही, तर दोष पाण्यात. दोन्हींत मरतात आणि शेतात मरत नाहीत, तर दोष फवारणीत: वेळ, थेंब, ऊन किंवा अळीचं वय. दोन्हींत मरत नाहीत, तर वेगळ्या बॅचच्या सीलबंद पाकिटाने दुसरा डबा पुन्हा करा. नव्याने मेल्या तर जुना माल बिघडलेला. मुदत पाहा, आणि पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ओलीत होतं का तेही आठवा. कोरडी पावडर थंड, कोरड्या जागी चांगली टिकते, द्रवरूप बीटी लवकर उतरते आणि गोठूही द्यायची नसते.

एवढं करताना मास्क आणि हातमोजे घाला. माणसासाठी बीटीचा धोका कमी आहे, पण पावडरीची धूळ डोळ्यांत आणि श्वासात जाऊ नये. आणि जवळपास तुतीची लागवड असेल तर फवारणीच करू नका. या जिवाणूचा पहिला शोधच १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना मेलेल्या रेशीमकिड्यांत लागला होता. रेशीमकिडाही पतंगाची अळीच आहे.

नव्या पाकिटानेही मरत नसतील तर

उपजात बरोबर, अळी लहान, पाणी शुद्ध, पाकीट नवं आणि तरीही डब्यात अळ्या खात राहिल्या, तर प्रतिकारशक्तीचा विचार करावा लागतो. ही कल्पना नाही. साठवलेल्या धान्यातल्या पतंगात ती १९८५ मध्ये नोंदली गेली आणि शेतात फवारणीमुळे चौकोनी ठिपक्याच्या पतंगात आल्याचं १९९० मध्ये हवाईतून प्रसिद्ध झालं. वर्षभर कोबीवर्गीय पीक आणि दर आठवड्याला तीच बीटी, अशा ठिकाणी हा धोका खरा आहे.

अशा वेळी मात्रा वाढवू नका, त्याने चिवट अळ्याच निवडून मागे राहतात. कुर्स्टाकी थांबवा आणि ऐझावाई त्याच डब्याच्या चाचणीत तपासा, कारण काही प्रथिनं दोघांत सारखी असल्याने ती चालेलच असं नाही. तीही कमी पडली तर स्पिनोसॅडसारखा वेगळ्या क्रियेचा पर्याय घ्या. तोही मातीतल्या जिवाणूपासून मिळतो, पण ओला असताना मधमाश्यांना घातक आहे, म्हणून फुलोऱ्यात संध्याकाळीच. बदल दर फवारणीला करू नका, पिढीला करा: एका पिढीच्या सगळ्या अळ्यांवर एक गट, पुढच्या पिढीवर दुसरा. उबदार हवेत चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची पिढी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते, तेवढ्या अंतराने पाळी बदला. काढणी झाली की कोबीचे बुंधे आणि पानं शेतात उभी ठेवू नका, लगेच गाडा. पुढच्या रोपांवर येणारे पतंग त्यांतूनच निघतात, आणि तेच पतंग चिवट अळ्यांचे वंशज असतात.